सोवळ्यातला हीटर

“शिवू नका! कोणी शिवू नका तिला! अहो मास्तर, छत्री मागे घ्या आधी, काडी लागेल काडी!”

आमची आत्या ओट्यावर उभी राहून ओरडत होती. हातात वेळूची काठी, आणि आवाज असा की त्या सकाळी लकडी पुलावरच्या सायकलवाल्यांनी आपोआप ब्रेक दाबले म्हणतात. समोर बोळात, धो धो पावसात, माझी लाल जर्मन मोटार उभी होती. इंजिन चालू होतं आणि काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. गाडीचं मागचं झाकण उघडं टाकून मी त्यात कोपरापर्यंत हात घातला होता आणि पेट्रोलची तार हातानं ओढत इंजिन घुमवत होतो. शेजारचे मास्तर, म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून आमच्यावर सराव करणारे, आत काय शिजतंय ते पाहायला काचेला नाक लावण्याच्या बेतात होते.

“मी फक्त बघतोय,” मास्तर म्हणाले.

“बघायचं तर लांबून बघा. आत माझं सोवळं वाळतंय.”

मास्तरांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू वर्गात मी दोन अधिक दोन बावीस लिहिले आहेत.

आता हे प्रकरण नीट सांगायचं तर आधी गाडी सांगायला हवी. मी सांगतो त्यातलं अक्षरही वाढवून सांगत नाही. कधी सांगितलं असेल तर माझ्या गाडीची चारी चाकं गळून पडोत. (एकदा एक पडलं होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.)

मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो, आणि तिथला जर्मन इंजिनिअर मायदेशी परत जाताना ही गाडी माझ्या गळ्यात घालून गेला. दोन दारांची, बुटकी, धावायच्या जातीची. पुण्यात तिला कोणी हात लावायला तयार नव्हतं. कारण इंजिन मागे, सामानाची जागा पुढे आणि पाणी कुठेच नाही. पहिल्यांदा पुढचं झाकण उचलणारा प्रत्येक जण दचकून म्हणायचा, “अहो, इंजिन चोरीला गेलं!” रेडिएटर नाही, रबरी नळ्या नाहीत, पाण्याचा थेंब नाही. मागे एक मोठा पंखा असतो आणि तो इंजिनाला वारा घालत राहतो, जेवायला बसलेल्या व्याह्याला घालावा तसा. उन्हाळ्यात खंबाटकीच्या घाटात इतरांच्या गाड्या तोंडं उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या, आणि मी त्यांच्या शेजारून हात हलवत जायचो. हात हलवण्यासाठी मी मुद्दाम वेग कमी करत असे, हेही खरं.

पण या गाडीचा खरा दागिना म्हणजे तिचा हीटर.

गाडीत पाणीच नाही म्हटल्यावर आतल्या माणसांना ऊब द्यायची कशी? जर्मनांनी युक्ती केली. इंजिनातून धूर ज्या तापलेल्या नळ्यांतून बाहेर जातो, त्या नळ्यांना त्यांनी बाहेरून पत्र्याचे अंगरखे घातले. नळीच्या आतून धूर जातो, आणि नळी व अंगरखा यांच्या मधल्या फटीतून वारा. धूर मागच्या मागे निघून जातो. वारा नळीशी लगट करून तापतो आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येऊन तुमच्या पावलांवर फुंकर घालतो. दोन सीटांच्या मध्ये लाल मुठीचा एक दांडा असतो. तो वर ओढला की हीटर चालू, खाली दाबला की बंद. हे जर्मनीत. माझ्या गाडीत तो खाली दाबला तरी हीटर चालूच, कारण आतली झडप गंजून जी उघडी बसली होती, ती मिटायचं नावच घेत नव्हती. एका एप्रिलात मी एका स्नेह्यांना भर दुपारी स्वारगेटहून घरी सोडलं. बसताना त्यांच्या मांडीवर डाळतांदळाचा डबा होता. उतरताना ते खिचडी घेऊन उतरले. मीठ तेवढं घालायचं राहिलं होतं.

पुण्यात येणाऱ्या प्रत्येक परदेशी गाडीच्या हीटरचं एकच भविष्य असायचं. मेकॅनिक म्हणायचा, “साहेब, चिंध्या कोंबून टाकतो,” आणि मालक म्हणायचा, “टाक.” आमच्या बोळाचंही तेच मत होतं. मास्तर तर रोज संध्याकाळी गाडीपाशी थांबून म्हणायचे, “पुण्यात हीटर! म्हणजे येरवड्याच्या तुरुंगाला आतून कडी.” मग दुसऱ्या दिवशी त्यांना तेच वाक्य सुचायचं, आणि पहिल्यांदाच सुचल्यासारखं ते हसायचे.

मी मात्र हट्टाला पेटलो. चिंध्या कोंबायच्या नाहीत. ज्या गाडीला जन्मतः हीटर आहे तिचा हीटर चालला पाहिजे, आणि सांगितल्यावर थांबलाही पाहिजे. गाडीखाली शिरून पाहिलं तर पत्र्याच्या अंगरख्यांची चाळण झालेली. नवे जर्मनीहून मागवायचे म्हणजे आधी नातू जन्माला घालायचा आणि मग त्यानं ते सोडवून आणायचे. तेव्हा ते गंजके सांगाडे पोत्यात घालून मी तांबट आळी गाठली.

तिथला तांबट म्हणजे जन्मभर हातोडीच्या आवाजात राहिलेला माणूस. कानी पडेना म्हणून बोलायचा सगळं ओरडून. त्यानं सांगाडा उलटा केला, सुलटा केला, नळीत हात घातला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, “हा तर बंब हाय की वो! मधल्या नळीत इस्तू, भवती पानी. ह्यात पान्याच्या जागी वारा! मोटारीला आंघुळ घालता का काय?”

बंब म्हणजे बंबच होता तो. ज्या घरांत गीझर पोहोचले नव्हते, त्या घरांत न्हाणीपाशी उभा असलेला तांब्याचा ढेरपोट्या गृहस्थ. मी इंजिनिअरांशी महिनोन्महिने वाद घातला होता आणि त्यांतल्या एकालाही ही उपमा सुचली नव्हती. मलाही नाही, ते सोडा. तांबटानं मला नवे अंगरखे बनवून दिले ते बंबाच्याच जाड तांब्याचे, वरून हातोडीच्या ठोक्यांची लखलखीत नक्षी. जी वस्तू गाडीच्या पोटाखाली चिखलात राहणार तिला नक्षी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, “खालनं बघनारा देव न्हाई व्हय?” आणि शेवटी त्यानं मनापासून विचारलं, “तोटी बसवू का?” मी नको म्हटलं. अजून वाटतं, बसवून घ्यायला हवी होती.

झडपाही नव्या झाल्या. आता दांडा ओढला की ऊब, दाबला की बंद. पोटात तांब्याचा बंब बाळगणारी जगातली ती एकमेव धावायची गाडी. पण उपयोग काय? पुण्याच्या थंडीला शाल पुरते. जानेवारीत पहाटे मी मुद्दाम बोळातून गाडी काढायचो, काच खाली करून फिरायला निघालेल्या लोकांना म्हणायचो, “हात घाला आत, घाला तर खरं!” मास्तरांनी एकदा घातला. म्हणाले, “उबदार आहे. माझी गोधडीही आहे. तिला पेट्रोल लागत नाही.”

हे झालं गाडीचं. आता आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, उभा जन्म माहेरी काढलेली. घरात तिचा शब्द चालायचा की नाही ते वर्षभर सांगता यायचं नाही, पण गौरींच्या दिवशी चालायचा. गौरी जेवणार त्या दिवशीचा सगळा नैवेद्य तिच्या हातचा असायचा. तिच्या पुरणपोळीचा पातळपणा असा की एकदा खिडकी उघडी राहिली आणि ताटातली वरची पोळी उडून शेजारच्या गच्चीत गेली. शेजाऱ्यांनी ती परत केली नाही, यातच सगळं आलं. आणि हा स्वयंपाक ती सोवळ्यात करायची. सोवळं म्हणजे धुतलेलं लुगडं घरात उंच वेळूवर काठीनं टाकायचं, कोणाचा स्पर्श न होता ते वाळलं पाहिजे, मग आंघोळ करून ते नेसायचं आणि चूल पेटवायची. मधे कोणी शिवलं की सगळं पहिल्यापासून.

त्या वर्षी आषाढात आत्याला न्यूमोनिया झाला. ती उठली, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, ओल्या कपड्यात क्षणभर राहायचं नाही. नाहीतर तिनं ओलेत्यानंच पुरण शिजवलं असतं. ओलं वस्त्र सोवळ्याला चालतं. रेशमी मुकटाही चालतो, पण तिच्या मुकट्याचा पदर उंदरांनी आधीच प्रसाद म्हणून खाल्ला होता. आणि भाद्रपदात पाऊस असा लागला की विचारू नका. सगळा आठवडा ऊन नाही. वीज गेलेली, त्यामुळे पंखा नाही. वेळूवर आत्याची दोन्ही लुगडी अशी लोंबत होती की त्यांच्याखाली पातेलं ठेवावं लागे. शेगडीवर धरावं तर ठिणगीची भीती, आणि इस्त्रीचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, “धोब्याची इस्त्री कुणाकुणाच्या विजारींवरून फिरून आलेली असते, ठाऊक आहे का?”

वडिलांनी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं, “आक्का, सकाळपर्यंत वाळलं नाही तर शेजारच्या आळीतल्या आचारीणबाईंना सांगितलंय. तू यंदा नुसतं बसून सांग.” काळजीनंच म्हणाले ते. दवाखान्याच्या बाकावर रात्री त्यांनी काढल्या होत्या. पण आत्याचा चेहरा उतरला. नंतर मला म्हणाली, “अरे, गौरींची चूल एकदा हातची गेली की परत येत नाही. पुढच्या वर्षी म्हणतील, गेल्या वर्षी जमलंच की आक्काशिवाय. मग मी काय, फुलवाती वळू?”

सकाळ झाली. लुगडी तशीच. आचारीणबाई आल्या, माजघरात बसल्या, चहा पिऊ लागल्या. त्यांचा काही दोष नव्हता, पण त्यांच्या बशीचा आवाज घरभर ऐकू येत होता.

तेव्हा मी म्हणालो, “आत्या, हीटर.”

तिनं आधी मला गाढव म्हटलं. मग सुरू झाली ती उलटतपासणी, वकिलांनी शिकवणी लावावी अशी.

“तो वारा येतो कुठून?”

“बाहेरून. मोकळा वारा.”

“जातो कशावरून?”

“धुराच्या नळीवरून.”

“म्हणजे धुराला शिवून!”

“अजिबात नाही. धूर नळीच्या आत, वारा नळीच्या बाहेर. मधे लोखंड. जन्मभर शेजारी राहतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. शिवले तर गाडीतला माणूस गुदमरून मरेल. म्हणून तर एवढी व्यवस्था.”

आत्यानं डोळे बारीक केले. जर्मनांविषयी तिच्या मनात प्रथमच आदर उत्पन्न होताना मी पाहिला.

“म्हणजे सोवळंओवळं पाळतात म्हणायचे ते.”

“कडक पाळतात.”

“आणि वाऱ्याला बाहेरून काय? पत्रा?”

“तांबं,” मी म्हणालो. हा हुकमाचा एक्का मी शेवटपर्यंत धरून ठेवला होता. “तांबट आळीतलं. बंबाचं.”

“तांबं!” आत्या उठलीच. तांब्याच्या पुढे तिच्याकडे हरकत उरली नव्हती. देवाचं ताम्हन तांब्याचं, पळी तांब्याची, संध्येचं भांडं तांब्याचं, मग वारा तांब्यातून आला तर तो देवघरातून आल्यासारखाच. तरी तिनं परीक्षा घेतली. मी इंजिन सुरू करून दांडा ओढला आणि ती दोन्ही काचा बंद करून आत बसली. तिचं नाक म्हणजे काय सांगू, चातुर्मासात शनिवार पेठेत कोणी कांदा चिरला तर ती नारायण पेठेत नाव सांगायची. बाहेर आली आणि म्हणाली, “धुराचा वास नाही. पण सीट कशाच्या आहेत रे?”

माझं तोंड पडलं. “कातड्याच्या.”

“काढ.”

काढल्या. खालचा गालिचाही काढला आणि माझ्या बायकोनं केळीची पानं अंथरली, नैवेद्यासाठी आणलेल्यांतली. वेळूचा एक आखूड तुकडा सुतळीच्या फासात छताला लटकला. मग आत्यानं काठीच्या टोकावर ते गळणारं लुगडं घेतलं आणि माजघरातून, ओटीवरून, पायरीवरून अशी निघाली की घरातला प्रत्येक माणूस भिंतीला पालीसारखा चिकटला. वडीलसुद्धा. घड्या पडल्या, दार लागलं, काचा बोटभर उघड्या राहिल्या. आणि बोळात ती आरोळी सुरू झाली: शिवू नका, कोणी शिवू नका.

एरवी ही आरोळी माझी असायची. माझ्या गाडीला कोणी बोट लावलेलं मला खपत नसे. त्या दिवशी माझ्या वतीनं आत्या ओरडत होती, आणि मला इतका अभिमान वाटत होता की पावसाचं भानच नव्हतं.

पण लुगडं वाळेना. आत्यानं काचेच्या फटीपाशी तळहात धरला आणि म्हणाली, “कोमट आहे. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासारखं.”

मास्तर लगेच म्हणाले, “मी गणित मांडलं. या गतीनं अनंत चतुर्दशीला वाळेल.”

चूक हीटरची नव्हती. या हीटरचा स्वभावच तसा आहे: गाडी उभी असली की तो नुसता उसासे टाकतो, गाडी पळाली की पेटतो. इंजिनावर भार आला की नळ्या तापतात, पंखा जोरात फिरतो, वारा धावतो. मी हे सांगितलं.

“मग पळव,” आत्या म्हणाली.

“पण आत बसलो तर मी ओवळा. लुगडं अंगाला लागणार, जागाच तेवढी.”

आत्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी इतका भिजलो होतो की माझ्यातून एक लहानसा ओढा वाहत होता. “ओलेता तर आहेस. कमरेचा पट्टा काढ. ती विजार काढ.”

“इथे?”

“मग काय लक्ष्मी रोडला?”

बायको आतून ओला पंचा घेऊन आली. “अहो, हा नेसा,” एवढंच म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी पंचा नेसलो. आत्यानं वरून माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. पावसाचं पाणी ती हिशेबात धरत नव्हती. सीटच्या जागी पूजेचे दोन पाट एकावर एक ठेवले आणि मी उघडाबंब, निथळता, त्यांवर मांडी घालण्याचा विचार करून शेवटी पाय सोडून बसलो. असा सोवळा ड्रायव्हर जर्मनीनं पाहिला नव्हता.

“आरतीच्या आत पुरण शिजायचंय, लवकर परत ये,” आत्या म्हणाली. “आणि कुठे थांबू नकोस. कोणाला शिवू नकोस.”

गाडी निघाली. शनिवारवाड्यावरून वळलो, स्टेशन मागे टाकलं आणि बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्याचा मोकळा रस्ता धरला. कारण पुण्यात गाडी पळवायला जागा लागते आणि त्या काळी ती तिकडेच होती. मी दांडा छताला लागेल एवढा ओढला. काय सांगू! आधी पुढची काच आतून झरझर स्वच्छ झाली. मग केळीची पानं कडेनं वळायला लागली. माझा पंचा वाफाळू लागला. पावसाचे थेंब गाडीच्या टपावर पडायच्या आधीच विचार बदलून परत वर जात होते. आणि शेजारी आत्याचं नऊवारी लुगडं गरम वाऱ्यानं हळूहळू फुगत होतं, घडी सुटत होती, निऱ्या फिरत होत्या. साक्षात गौरच मुखवटा घरी ठेवून माझ्या शेजारी बसली आहे असं वाटत होतं. मी तिला आदरानं थोडी जागा करून दिली.

येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी वळून परत फिरलो आणि शिट्टी वाजली.

हवालदार आडवा आला. एक उघडा माणूस तुरुंगाच्या बाजूनं भरधाव येतोय, अंगावर पंचा, गाडीला सीट नाही, तर तो बिचारा दुसरं काय समजणार?

“कुठनं पळालास?” त्यानं फटीतून विचारलं.

“नारायण पेठेतून.”

“आन् कापडं?”

“सोवळ्यात आहे हो.”

त्यानं डावीकडे पाहिलं. “ह्या बाई कोन? तोंड का झाकलंय त्यांनी?”

“बाई नाहीत, लुगडं आहे. आत्याचं. गौरींचा नैवेद्य व्हायचाय, ऊन नाही, म्हणून वाळवतोय.”

असं उत्तर त्यानं आयुष्यात ऐकलं नसावं. त्याचा हात दाराच्या मुठीकडे गेला. मी आत्याच्या आवाजात ओरडलो, “शिवू नका!”

तो हात हवेत थांबला. हवालदारानं वेळू पाहिला, पाट पाहिले, करपलेली केळीची पानं पाहिली. आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावरची वर्दी उतरली. त्यानं हात मागे घेतला, दोन पावलं मागे सरकला आणि हलक्या आवाजात विचारलं,

“वाळलं का?”

“पदर राहिलाय.”

“मंग हुबा का राहिलास? आमच्या घरला बी गवरी हायेत आज. आमची म्हातारी बी असंच सकाळधरनं वरडतीय.” आणि तो पावसात रस्त्याच्या मधोमध गेला, दोन्ही हात पसरून समोरून येणारा एक मालट्रक आणि मागची बैलगाडी त्यानं थोपवून धरली आणि मला म्हणाला, “सूट!”

आजवर मंत्र्यांसाठी रस्ते अडवलेले मी पाहिले आहेत. लुगड्यासाठी अडवलेला तो एकच, आणि तो माझ्या गाडीसाठी होता. माझी छाती एवढी फुगली की स्टिअरिंग फिरवायला अडचण होऊ लागली.

बोळात शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी होती. आत्या न्हाऊन, कोरडा पंचा गुंडाळून, आतल्या दारापाशी वाट पाहत होती. मी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि बाजूला झालो. आतून असा झोत आला की पायरीवरचं पाणी सुकलं. आत्यानं काठीनं लुगडं उचललं, आत नेलं, आणि मग पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळलं.

“वाळलंय,” ती म्हणाली, आणि नेसायला गेली.

माजघरात आचारीणबाईंनी कपबशी विसळून पालथी घातली आणि म्हणाल्या, “मग मी आता जेवायलाच थांबते.” गाडीत पानं करपली होती तेवढी नवीन पानं आणायला वडील स्वतः छत्री घेऊन बाहेर पडले. थोड्या वेळानं आतून चुलीचा धूर आला, मग डाळ शिजल्याचा वास, मग वेलदोड्याचा, आणि त्यावर आत्याचा आवाज, “कोणी आत डोकावू नका!” या आवाजाला आषाढात घरघर लागली होती. त्या दिवशी तो थेट कौलांपर्यंत जात होता.

आरती वेळेवर झाली. गौरी जेवल्या. पंगतीत मास्तर माझ्या शेजारी होते. त्यांनी पुरणाची दुसरी पोळी मागितली, मग तिसरी न मागता घेतली आणि हात धुताना मला म्हणाले, “हीटरचा उपयोग आहे हे सिद्ध झालं. पण एका उदाहरणावरून नियम निघत नाही.” मास्तरांकडून एवढं म्हणजे पदवीदान समारंभच.

मला मात्र खरी दाद हवी होती ती एकाच माणसाची. संध्याकाळी आत्या ओट्यावर पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. दिवसभराच्या धगीनं चेहरा लाल आणि तरीही गेल्या कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी ताठ. समोर माझी गाडी उभी होती, सीट नसलेली, आत वेळू लटकत असलेली. मी शिंकत शिंकत तिच्यापाशी जाऊन बसलो. तांबट, जर्मनी, हवालदार, मालट्रक, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. मधे मालट्रकांची संख्या थोडी वाढली असेल. आणि शेवटी विचारलं, “मग आत्या? कसा काय वाटला आमचा हीटर?”

आत्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं, गाडीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली,

“उन्हात जास्त चांगलं वाळतं.”